मुलांच्या पुढच्या शिक्षणासाठी साठवताना : फी किती यापेक्षा फी कधी भरायची, ते आधी पाहा

नायगावकरीण

नायगाव-भोईवाड्याकडच्या एका अभ्यासिकेत मी दहावी-बारावीच्या मुलांचे प्रवेशाचे आणि शिष्यवृत्तीचे अर्ज भरून द्यायला बसते. येणारे पालक हाउसकीपिंगवाले, वॉचमन, घरकाम करणाऱ्या बायका, डिलिव्हरीवाले, टेलरिंगचे पीसवर्क करणारे. दोघांचं मिळून महिन्याला वीस-पंचवीस हजार आले तर चांगला महिना. त्यातून भाडं, गॅस, गावाकडे पाठवायचे पैसे. आणि प्रत्येकाचा पहिला प्रश्न : "ताई, इंजिनिअरिंगला आठ-दहा लाख लागतात ना? मग किती साठवायचे?"

हा आठ-दहा लाखांचा आकडाच घात करतो असं माझं ठाम मत झालंय. तो ऐकून माणूस दोनपैकी एक करतो. एकतर "आपल्याला झेपणार नाही" म्हणून साठवणंच सोडतो, नाहीतर कोणाच्या तरी ओळखीने मोठ्या हप्त्याची चाइल्ड पॉलिसी घेतो आणि दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी हप्ता थकला की भरलेल्यातले बरेच पैसे गमावून बसतो.

आता महाराष्ट्रातली परिस्थिती बघा. जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या ईडब्ल्यूएस (खुल्या गटातल्या आर्थिक दुर्बल), एसईबीसी (मराठा आरक्षणाचा गट) आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. अट अशी की प्रवेश कॅप राउंडमधून, म्हणजे सरकारच्या एकत्रित प्रवेशप्रक्रियेतून हवा. मॅनेजमेंट कोट्याला ही माफी नाही, खासगी अभिमत आणि खासगी विद्यापीठांना नाही. मुलग्यांना राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीत निम्मी शिक्षण फी मिळते. अनुसूचित जातीच्या मुलांना अडीच लाखांच्या आत उत्पन्न असेल तर पोस्ट मॅट्रिक शिष्यवृत्ती आहे. म्हणजे आठ-दहा लाखांतला मोठा भाग बहुतेकांना भरायचाच नसतो.

मग मुलं गळतात कुठे? जून ते ऑगस्टमध्ये. जागा मिळते आणि चार दिवसांत पैसे भरायचे असतात. शिक्षण फी माफ झाली तरी बाकीची फी, डिपॉझिट, पुस्तकं, ड्रॉइंगचं सामान, ट्रेनचा पास, कधी लॅपटॉप. मुलग्यांची उरलेली निम्मी फी वेगळीच. शिष्यवृत्तीचे पैसे महाडीबीटीवरून, म्हणजे सरकारच्या शिष्यवृत्ती पोर्टलवरून, खात्यात यायला पुढचं वर्ष उजाडतं. त्या चार दिवसांत वीस-तीस हजार रोख हातात नसतील, तर सावकार किंवा मंगळसूत्र, किंवा "या वर्षी राहू दे".

म्हणून मी पालकांना सांगते, चार वर्षांची फी साठवायचं मनातून काढा. बारावीच्या निकालानंतरच्या त्या उन्हाळ्यात हातात येतील असे तीस-चाळीस हजार साठवा, आणि त्याच्या आधी दोन वर्षं कागदपत्रांच्या मागे लागा. उत्पन्नाचा दाखला, डोमिसाइल, जातीचा दाखला, जात पडताळणी, नॉन क्रिमीलेअर. एका कागदासाठी माफीच हुकते, आणि मग कितीही साठवलेलं पुरत नाही.

तुमच्या घरचे, वस्तीतले अनुभव लिहा. आकडे लिहिलेत तर फार बरं.

भांडुप_पश्चिम

फार गरजेचा धागा. मला मुलगा आहे, नववीत. सुकन्या समृद्धी हे बचत खातं मुलींच्याच नावाने निघतं. मुलगा असलेल्याने काय करायचं?

मानखुर्दची_आई

ताई, वाईट वाटून घेऊ नका पण साठवा-साठवा सगळे म्हणतात, कुठून साठवायचं ते कोणी सांगत नाही. मी तीन घरची कामं करते. लाडक्या बहिणीचे १५०० येतात ते गॅस आणि किराण्यात जातात, खोटं कशाला बोलू. नवरा आजारी पडला तेव्हा मुलीच्या नावाने ठेवलेले सगळे गेले. आता ती अकरावीला आहे.

अल्पबचत_परळ

मी पोस्टाची महिला एजंट आहे, परळ-लालबागच्या चाळींतून आरडीचे, म्हणजे दर महिन्याला ठरावीक रक्कम भरायच्या ठेवीचे, हप्ते गोळा करते. माझं कमिशन सरकार देतं, खातेदाराच्या पैशांतून एक रुपया कापला जात नाही. हे आधीच सांगते, कारण लोकांना शंका असते.

मानखुर्दच्या ताई, आरडी महिना १०० रुपयांपासून होते. ३०० रुपयांची केलीत तर पाच वर्षांत सध्याच्या ६.७ टक्क्यांनी २१ हजारांच्या वर जमतात. तुमच्या मुलीला आता पाच वर्षं नाहीत, म्हणून तुमच्यासाठी हा हिशेब नाही. पण धाकटं कोणी सहावी-सातवीत असेल तर आजच काढा. ज्यांना लाडक्या बहिणीचे १५०० बाजूला ठेवणं जमतं त्यांचे त्याच पाच वर्षांत १ लाख ७ हजारांच्या आसपास होतात. माझ्याकडे अशा काही बायका आहेत. सगळ्यांना जमत नाही हेही रोज बघते.

आजारपणाचं म्हणालात तर बारा हप्ते झाल्यावर जमलेल्या रकमेच्या निम्म्यापर्यंत कर्ज मिळतं, खातं मोडावं लागत नाही. तीन वर्षांच्या आत बंद करता येत नाही आणि नंतर मुदतीआधी बंद केलं तर व्याज साध्या बचत खात्याचं मिळतं. म्हणून अडचणीत आधी कर्जाचं विचारा. पुष्कळांना हे माहीतच नसतं, सरळ खातं मोडायला येतात.

भांडुपच्या दादांना : मुलगा नववीत म्हणजे बारावीच्या निकालाला तीन-साडेतीन वर्षं. पाच वर्षांची आरडी त्या वेळेत पुरी होत नाही. तुमच्या बँकेत ३६ महिन्यांची आरडी काढा आणि ती बारावीच्या मे महिन्यात पुरी होईल अशा बेताने सुरू करा.

नायगावकरीण

मानखुर्दची_आई, तुमचं म्हणणं मनाला लागलं आणि ते खरं आहे. ज्या घरात महिनाअखेर उसनवारी आहे तिथे बचतीचा उपदेश करायला मी धजत नाही. तुमच्या मुलीसाठी मी कागदांपासून सुरुवात करेन. तुमचा पगार रोखीत असेल तर घाबरू नका, स्वयंघोषणापत्रावर उत्पन्नाचा दाखला निघतो. जातीचा दाखला काढलाय का? तिची अकरावी-बारावी कुठल्या शाखेत आहे तेही कळवा, त्यावर काय करायचं ते ठरेल.

आणि एक. आजारपणाचे पैसे आणि शिक्षणाचे पैसे एकाच खात्यात असले की आजारपण नेहमी जिंकतं. त्यात कोणाची चूक नाही, माणूस आधी वाचवावाच लागतो. म्हणून थोडे का होईना, दवाखान्याचे वेगळे ठेवावेत. बिलं महात्मा फुले जनआरोग्य योजनेत बसतात का, तेही हॉस्पिटलात आधी विचारावं.

एसआयपी_ठाणे

पोस्टात ६.७ टक्के म्हणजे महागाईपुढे काहीच नाही. शिक्षणाचा खर्च त्याहून वेगाने वाढतो. ५०० ची का होईना, इक्विटी फंडात, म्हणजे शेअर बाजारात पैसे गुंतवणाऱ्या फंडात, दर महिन्याची एसआयपी करा. गरिबांना नेहमी पोस्टच का सुचवतात?

नायगावकरीण

मूल दोन-तीन वर्षांचं असेल आणि पंधरा वर्षं हात लावायचा नसेल तर मी तुमच्याशी सहमत आहे, थोडे पैसे तिकडे जावेत. पण मूल दहावीत असताना नाही. जानेवारी २०२० मध्ये सेन्सेक्स ४२ हजारांच्या जवळ होता. २३ मार्चला २६ हजारांच्या खाली बंद झाला. वर्ष संपायच्या आत तो पुन्हा वर आला हे खरं, पण त्या उन्हाळ्यात ज्याला फी भरायची होती त्याने काय करायचं? पगारदार माणूस क्रेडिट कार्डावर भागवतो. आमच्याकडचे लोक थांबू शकत नाहीत. पोस्ट सुचवते ते याच कारणाने.

एसआयपी_ठाणे

मुद्दा मान्य. शेवटच्या तीन-चार वर्षांत बाहेर काढून सुरक्षित ठिकाणी ठेवायचे, हे मी लिहायला हवं होतं.

वरळी_नाका

सुकन्याबद्दल कोणी खुलासा करेल का? आमच्या मुलीचं खातं ती नऊ वर्षांची असताना काढलंय. कॉलेजला सगळे मिळतील ना?

कर्जविभाग_निवृत्त

वरळी_नाका, यावर सविस्तर लिहितो, कारण शाखेत असताना या गैरसमजाने रडकुंडीला आलेले पालक पाहिलेत.

सुकन्या खातं मुलगी दहा वर्षांची व्हायच्या आत काढता येतं, वर्षाला किमान २५० रुपये भरायचे. पैसे पंधरा वर्षं भरायचे असतात, पण खातं पूर्ण होतं ते उघडल्यापासून २१ वर्षांनी. मुलीच्या वयाशी त्याचा संबंध नाही. तुमच्या मुलीचं खातं ती तिशीला आल्यावर पूर्ण होईल, किंवा अठरानंतर लग्न ठरलं तर त्या वेळी बंद करता येईल. शिक्षणासाठी ती अठराची झाल्यावर किंवा दहावी झाल्यावर, आदल्या आर्थिक वर्षाअखेर असलेल्या शिलकीच्या निम्म्यापर्यंत रक्कम काढता येते. कॉलेजचं प्रवेशपत्र किंवा फीचा कागद दाखवावा लागतो. तुमच्याकडे अठराव्या वर्षी नऊ वर्षांचीच जमा असेल आणि तिच्यातले निम्मे हातात येतील.

उलट मुलगी वर्षाची असताना महिना ५०० ने सुरू केलं आणि आजचा ८.२ टक्के दर तसाच राहिला, तर ती अठराची होईपर्यंत २ लाखांच्या आसपास जमतात. म्हणजे १ लाख कॉलेजला काढता येतात. दर सरकार दर तिमाहीला ठरवतं, त्यामुळे हा अंदाज धरा. योजना उत्तम आहे, पण पाळण्यातल्या मुलीसाठी. मुलगी आठ-नऊ वर्षांची असेल तर नव्याने साठवायचे पैसे आरडीत घाला आणि सुकन्यात वर्षाचे २५० भरून खातं चालू ठेवा.

भांडुपच्या गृहस्थांना : मुलासाठी पीपीएफ (सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीचं खातं) चालतं, तुम्ही पालक म्हणून उघडायचं, वर्षाला किमान ५०० रुपये. सध्या ७.१ टक्के आहे. पण त्यातून पहिली रक्कम सातव्या आर्थिक वर्षात काढता येते, तेव्हा नववीतल्या मुलाला उपयोग नाही. अल्पबचत ताईंनी सांगितलं तेच करा.

आता शैक्षणिक कर्ज. पालक कर्जाला फार घाबरतात आणि नको त्या ठिकाणी घाबरतात. मोबाइल हप्त्यावर घेताना कोणी विचार करत नाही. पण शैक्षणिक कर्जात आई किंवा वडील सहकर्जदार असतात आणि बँक त्यांचा सिबिल, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदींवरचा स्कोअर, बघते. मोबाइलचे, बाइकचे दोन-चार हप्ते चुकलेले असले की मुलीची फाइल तिथे अडकते. घरात मूल आठवी-नववीत आलं की छोटी थकबाकी आधी मिटवा. माझ्या मते हीसुद्धा शिक्षणासाठीची बचतच आहे.

४ लाखांपर्यंतच्या कर्जाला तारण नाही, जामीन नाही आणि पदरचा वाटाही घालावा लागत नाही. साडेसात लाखांपर्यंत तारण मागू नये अशी बँकांची पद्धत आहे, कारण त्यामागे सरकारी हमी निधी आहे. उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल तर तांत्रिक आणि व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी शिक्षण चालू असतानाचं आणि पुढच्या एक वर्षाचं व्याज केंद्र सरकार भरतं, मात्र कॉलेज त्या योजनेत बसायला हवं. नोव्हेंबर २०२४ मध्ये पीएम विद्यालक्ष्मी योजना मंजूर झाली. तिच्यात देशातल्या नामांकित संस्थांसाठी (सुरुवातीला ८६०) तारण आणि जामिनाशिवाय कर्ज आहे. उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तर १० लाखांपर्यंतच्या कर्जावर ३ टक्के व्याज सवलत आहे. अर्ज विद्यालक्ष्मीच्या पोर्टलवरून करा. तोंडी "नाही" ऐकून शाखेतून परत येऊ नका. पोर्टलवर अर्ज असला की नकाराचं कारण लेखी द्यावं लागतं.

भांडुप_पश्चिम

काका, दंडवत. मोबाइलच्या हप्त्याचं आजच बघतो.

नाका_कामगाराची_लेक

मी लिहू का? बाबा ३० वर्षं मिस्त्रीकाम करतात, घाटकोपरच्या नाक्यावर सकाळी उभे राहतात. मी मेकॅनिकल डिप्लोमा करून आता डिग्रीला आहे. आमच्याकडे बचत नावाची गोष्ट नव्हती. आईची भिशी होती तेवढीच.

मला तारलं ते बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाच्या नोंदणीने. वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला देऊन बाबांची नोंदणी झाली आणि दर वर्षी नूतनीकरण केलं. मंडळाकडून नोंदणीकृत कामगाराच्या पहिल्या दोन मुलांना शिष्यवृत्ती मिळते. पदवीला वर्षाला २० हजार, इंजिनिअरिंगला ६० हजार, वैद्यकीयला १ लाख. पैसे उशिरा येतात, पण येतात. नाक्यावरच्या किती जणांना हे माहीत नाही याचा मला फार त्रास होतो. काहींची नोंदणी आहे पण नूतनीकरण केलेलं नाही, आणि नोंदणी संपलेली असली की अर्ज बाद.

आईने भिशी दर वेळी मे-जूनमध्ये उचलली. भिशीतल्या बाकीच्या बायकांना आधीच सांगून ठेवलेलं असायचं की हिचा नंबर कॉलेजच्या वेळी. त्या बायकांनी ते पाळलं. माझी डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाची फी तशी भरली गेली.

नायगावकरीण

तुमच्या आईला माझा नमस्कार सांगा. भिशीचा नंबर जूनला लावून घेणं, हे मी आता सगळ्यांना सांगणार आहे. माझ्या म्हणण्यापेक्षा ते जास्त कामाचं आहे.

लालबाग_गल्ली

भिशी ओळखीच्या बायकांची असेल तर ठीक. पण आमच्या गल्लीत एकाने "दर आठवड्याला टक्के" सांगून पोरांच्या शिक्षणाचे पैसे गोळा केले आणि गेला. कोणाचं नाव घेत नाही. जानेवारी २०२५ मध्ये दादरला टोरेसच्या, म्हणजे आठवड्याला परतावा सांगून पैसे घेणाऱ्या ज्वेलरी कंपनीच्या, दुकानाबाहेर लोकांची गर्दी झाली ती सगळ्यांनी टीव्हीवर बघितली. आठवड्याला व्याज देतो म्हणणाऱ्याला शिक्षणाचे पैसे देऊ नका.

अजून एक. सहकारी बँक आणि पतसंस्था यांत फरक आहे. बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत विमा आहे, पतसंस्थेतल्या ठेवीला तो नाही. पिग्मीवाला रोज दारात येतो म्हणून पन्नास-शंभर देत राहतो आपण. ती पिग्मी बँकेची आहे की पतसंस्थेची, ते पासबुकावर वाचा. आणि विमा असला तरी वेळ जातोच. सप्टेंबर २०१९ मध्ये पीएमसी बँकेवर निर्बंध आले तेव्हा सुरुवातीला खात्यातून फक्त १००० रुपये काढू देत होते. म्हणून सगळे पैसे एका ठिकाणी नकोत.

रात्रशाळा_शिक्षक

एका गोष्टीकडे लक्ष वेधतो, काहींना आवडणार नाही. महापालिकेच्या किंवा अनुदानित मराठी शाळेतून काढून मुलांना विनाअनुदानित इंग्रजी शाळेत घालतात, आणि महिन्याला दीड-दोन हजार फी दहा वर्षं भरतात. कॉलेजचे पैसे तिथेच संपतात. शिवाय आठवीतली एनएमएमएस ही शिष्यवृत्तीची परीक्षा फक्त शासकीय, अनुदानित आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शाळांतल्या मुलांना देता येते. ती पास होऊन यादीत आलेल्या मुलाला नववी ते बारावी वर्षाला १२ हजार मिळतात, म्हणजे चार वर्षांचे ४८ हजार. उत्पन्नाची मर्यादा साडेतीन लाख. नायगावकर ताई ज्या तीस-चाळीस हजारांबद्दल सांगतायत, ते हेच पैसे होऊ शकतात. घरात न वापरता मुलाच्या खात्यात राहू दिले तर.

मानखुर्दची_आई

सर, तुमचं बरोबर असेल पण आम्ही ज्यांच्या घरी काम करतो त्यांची मुलं इंग्रजी बोलतात आणि आमची बघत राहतात. आईला काय वाटतं ते कागदावर येत नाही.

रात्रशाळा_शिक्षक

ताई, ते मी समजू शकतो. महापालिकेच्या आता सीबीएसईच्या शाळाही आहेत, तिथे इंग्रजी आहे आणि फी नाही. जागा कमी असतात, प्रवेशाची जाहिरात आली की लगेच अर्ज करावा लागतो. पालकांना दोष द्यायचा माझा हेतू नव्हता.

एसआयपी_ठाणे

अकरावी-बारावीच्या क्लासचं काय? माझ्या ओळखीत एका रिक्षावाल्या दादांनी कॉलेज आणि क्लास एकत्र असलेल्या इंटिग्रेटेड कॉलेजसाठी दीड लाख कर्ज काढलं.

नायगावकरीण

याबद्दल मला फार तळमळीने सांगावंसं वाटतं. पाच-सात वर्षं साठवलेलं सगळं एका क्लासच्या पावतीवर जातं, आणि कॉलेजच्या वेळी घर रिकामं असतं. क्लास लावूच नये असं मी म्हणणार नाही. पण आधी कॉलेजच्या जूनचे पैसे बाजूला काढा, उरले तर क्लास. सीईटीसाठी, म्हणजे प्रवेश परीक्षेसाठी, सारथी, बार्टी, महाज्योती या सरकारी संस्थांच्या मोफत प्रशिक्षणाच्या जाहिराती निघतात, त्या बघत राहा. आणि दहावीनंतर डिप्लोमाचा रस्ता आहे. शासकीय तंत्रनिकेतनात फी काही हजारांत असते, तीन वर्षांनी डिग्रीच्या दुसऱ्या वर्षाला थेट जाता येतं. वरच्या लेकीने तेच केलंय.

मानखुर्दची_आई

ताई, मुलगी सायन्सला आहे, नर्सिंगला जायचं म्हणते. जातीचा दाखला आहे, पडताळणी नाही. बँकेचं खातं माझ्या नावावर आहे, तिचं नाही. चालेल?

नायगावकरीण

बीएस्सी नर्सिंगचा प्रवेश कॅपमधून होतो, त्याची सीईटी असते, तेव्हा फॉर्मची तारीख चुकवू नका. पडताळणीचा अर्ज आत्ताच कॉलेजमार्फत करायचा. बारावी सायन्सच्या मुलांचे अर्ज कॉलेज पुढे पाठवतं, कॉलेजच्या ऑफिसात विचारा. वडिलांच्या किंवा आजोबांच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर जात लिहिलेली असेल तर तो गावाहून मागवा, यालाच सगळ्यात जास्त वेळ लागतो.

खातं तिच्याच नावाने हवं. शिष्यवृत्ती विद्यार्थ्याच्या आधारशी जोडलेल्या खात्यात येते, आईच्या खात्यात येत नाही. दहा वर्षांवरच्या मुलांचं खातं बँकेत उघडतं. उघडताना "डीबीटीसाठी आधार सीडिंग करून द्या" असं स्पष्ट सांगा. सीडिंग म्हणजे सरकारी पैसे याच खात्यात यावेत अशी नोंद. नुसतं आधार लिंक असून भागत नाही, दोन्ही वेगळी कामं आहेत. झालं की नाही ते आधारच्या वेबसाइटवर दिसतं.

कुठल्याही शनिवारी संध्याकाळी तिला घेऊन अभ्यासिकेत या. रेशनकार्ड, दोघींचं आधार, तिचा शाळा सोडल्याचा दाखला आणि तुमच्याकडचा जातीचा दाखला बरोबर आणा. पत्ता निरोपातून पाठवते.